दोन्ही चाकांना पाचर

आयुष्यात मी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर केली, आणि पुढचे तीन आठवडे ती दुरुस्त करत बसलो. नुसता बसलो नाही, जीव ओतून बसलो. एवढ्या निष्ठेनं मी काही बिघडवल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही, आणि या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे.

तेव्हा पुण्यात पीएच.डी. करता करता माझी नोंदणी इतकी जुनी झाली होती की विभागातले कारकून माझ्याकडे कागद मागायचं सोडून माझी खुशाली विचारू लागले होते. मग एक दिवस पत्र आलं. मुदतवाढी संपल्या, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. पाच प्रकरणं तयार होती. सहावं नव्हतं, आणि सहाव्याशिवाय आधीची पाच म्हणजे नुसती लांबलेली प्रस्तावना. म्हटलं, घरी जाऊ, शांतपणे लिहू. घर कुंभकोणमला. जिथं एका देवळाचं नादस्वरम थांबलं की दुसऱ्याचं सुरू होतं, त्या गावात मी शांतता शोधायला आलो, यावरून सहावं प्रकरण का अडलं होतं याचा अंदाज यावा.

आमचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी पुण्यात ऐकवली की लोक आधी हसतात आणि मग आदरानं गप्प होतात, जणू मी बखरीतून उठून आलोय. घरात त्या वेळी मी आणि अक्का, माझी मोठी बहीण. ती तिरुभुवनमच्या वाटेवरच्या शाळेत गणित शिकवते, आणि मुलांसाठी राखून ठेवलेला आवाज उरला की घरी आणून माझ्यावर खर्च करते.

"काय रे, जाहलें का तुझें सहावें?" चप्पल काढताना ती रोज विचारायची.

"होतंय."

"तें मी गेल्या सोमवारीही ऐकलें."

आता त्या सहाव्यात होतं काय ते सांगायला हवं. घाबरू नका, मीही आयुष्यभर याला घाबरलो आणि अजून जिवंत आहे. स्पिन म्हणजे एक इवलीशी चुंबकसुई धरा. वर तोंड करते, खाली करते, आणि कधी दोन्हींचं मिश्रण होऊन बसते. अशा दोन सुया क्वांटमच्या नियमांनी एकमेकींत गुंतल्या, की एकीचं वेगळं वर्णन करता येत नाही. करायचं तर जोडीचंच. हे गुंतलेपण फार नाजूक. बाहेरच्या जगाचा जरा स्पर्श झाला की सुयांमधली ऊर्जा प्रकाश होऊन गळते आणि जोडी सुटते. म्हणून सगळे गळती बंद करायच्या मागे. आमच्या बाईंचं, म्हणजे माझ्या मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. गळती बंद होत नाही ना, मग तिलाच कामाला लावा. एकीकडून लेझरचा सततचा रेटा द्या, दुसरीकडून गळती होऊ द्या, आणि रेटा नि गळती यांचा मेळ असा बसवा की सुया फिरून फिरून अखेर गुंतलेल्या अवस्थेतच येऊन स्थिरावतील. हलवल्या तरी परत तिथंच येतील.

हे सगळं मी प्रबंधाच्या पहिल्याच पानावर सुंदर भाषेत लिहिलं होतं. त्यावर माझा अजिबात विश्वास नव्हता, ही गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी संगणकावर दोन स्पिन मांडले आणि प्रोग्राम चालवला. आलेख शून्यापासून उठला, जरा डुचमळला, आणि वर जाऊन टेबलासारखा सपाट झाला. गुंतलेपण जवळजवळ पूर्ण, आणि ढळायचं नाव नाही. मी आलेखाकडे पाहिलं आणि मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या हातून असं होणं शक्य नाही. चूक शोधली. पाच मिनिटांत सापडली. प्रत्येक स्पिनचा स्वतःचा एक सूर असतो. लेझरच्या सुरापेक्षा तो किती चढा किंवा उतरा, ते आकड्यात द्यायचं असतं. मला दोन्ही स्पिन सारखे हवे होते. पण जुन्या फायलीतून ओळ उचलताना दुसऱ्या स्पिनच्या आकड्याआधी एक उणे चिन्ह चिकटून आलं होतं. एक थोडा चढा, दुसरा तेवढाच उतरा. मी उणे पुसलं. आलेख झोपला. आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

इतकं हायसं, की अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी प्रोग्राममध्ये एक पहारेकरी ओळ घातली: पहिल्या आणि शेवटच्या स्पिनचे आकडे वेगळे दिसले तर न विचारता सारखे करून टाक. या ओळीचा मला भारी अभिमान होता. तिची आठवण ठेवा. मी ठेवली नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी गळतीशी लढलो. ती कमी केली, आणखी कमी केली. लेझर वाढवला, उतरवला. आलेख शून्यावर असा पडलेला की अक्कानं एकदा वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही खालची रेघ कागदाची आहे की तुझी?"

सोमवारी सकाळी, म्हणजे शुक्रवार चार दिवसांवर आलेला असताना, समोरचे तात्ता दारात उभे राहिले. तमिळमध्ये तात्ता म्हणजे आजोबा. ते आमचे कोणी नव्हेत, पण सगळ्या रस्त्याचे तात्ता, आणि रस्त्यावरचा प्रत्येक पोरगा त्यांचा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लहान देऊळ आहे, त्याचा लाकडी रथ वर्षातून एकदा चार रस्त्यांची फेरी करतो. पुढं माणसं दोर ओढतात, ते सगळ्यांना दिसतं. चाकांपाशी वाकून पाचरी लावणारी माणसं कोणाला दिसत नाहीत. हातभर लाकडाचे जड ठोकळे, एका बाजूला निमुळते, धरायला लांब दांडा. तात्ता माझ्या जन्माआधीपासून त्या पाचरी लावत आलेत.

"तंबी," ते म्हणाले, "माझा माणूस पापनाशमला लग्नाला गेलाय. तू चल."

"तात्ता, मला काम आहे. चार दिवस राहिलेत."

"तीन आठवडे तुला खिडकीतून बघतोय. डोकं धरून बसतोस. त्याला काम म्हणतात होय?"

आतून अक्का तमिळमध्ये म्हणाली, "घेऊन जा तात्ता. परत आणायची घाई करू नका."

तर मी गेलो. वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, खांद्यावर पाचरी घेऊन. माझं काम सोपं होतं: तात्ता मागतील तेव्हा पाचर हातात द्यायची. बस्स. सरळ रस्त्यावर मी ते उत्तम केलं. रथ डुलत डुलत निघाला, वरच्या घंटा किणकिणत होत्या, लोक ताक आणि गुळाच्या पानकाचे पेले पुढं करत होते, आणि मला वाटू लागलं की माणसानं भौतिकशास्त्राऐवजी हेच करावं.

मग कोपरा आला. रथाला सुकाणू नसतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण मग तो वळतो कसा, हा प्रश्न मला, म्हणजे गतीच्या शास्त्रात पदव्या घेतलेल्या माणसाला, कधी पडला नव्हता. तात्ता डाव्या चाकापाशी वाकले आणि ओरडले, "पोडु!" म्हणजे टाक. मी पाचर दिली, त्यांनी ती डाव्या चाकापुढं तिरकी सरकवली. एवढ्यात माझं लक्ष उजव्या चाकाकडे गेलं. ते मोकळंच. मला ते बघवेना. दोन गोष्टी सारख्या नसल्या की मला आतून खाजतं, हा माझा जुना आजार. मी धावत पलीकडे गेलो आणि उजव्या चाकापुढंही तशीच पाचर ठोकून दिली. मागे होऊन पाहिलं. छान दिसत होतं.

रथ एक हिसका देऊन जागच्या जागी उभा राहिला. दोर ताणले, पुढची रांग मागे ओढली जाऊन रस्त्यावर बसली, वर गुरुजींनी खांबाला मिठी मारली, आणि रथावरचा एक झेंडूचा हार सुटून थेट माझ्या गळ्यात येऊन पडला. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हात जोडले. बाकीच्या लोकांचं माझ्याविषयीचं मत वेगळं होतं.

तात्ता शांतपणे आले, उजवी पाचर दांड्यानं ओढून काढली, आणि चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तंबी, दोन्ही चाकांना सारखं अडवलंस, तर रथाला कसं कळणार कुठं जायचंय?"

मी म्हटलं, "मला वाटलं, पाचर थांबवायला असते."

"थांबवायचं असतं तर दोर सोडायला सांगितलं नसतं? पाचर वळवायला असते." त्यांनी हात वर केला, दोर पुन्हा ताणले, डावं चाक पाचरीवर अडखळलं, उजवं पुढं गेलं, आणि तो एवढा थोरला रथ सावकाश, कुरकुरत कोपरा वळला.

मी तिथंच उभा राहिलो. पाचर वळवायला असते. म्हणजे गळती वळवायला असते. आणि दोघांना सारखंच केलं तर जागच्या जागी. सारखंच केलं तर. तीन आठवड्यांपूर्वी मी कुठलं चिन्ह पुसलं ते मला आठवलं.

"तात्ता, मी आलोच," म्हणालो आणि पळालो. डांबर तापलेलं, पायाखाली चटके, गळ्यात हार, मागून लोकांच्या शिव्या. शाळेला रथाची सुट्टी होती म्हणून अक्का दारातच उभी.

"हें काय? देव पावला की लग्न जाहलें?"

"अक्का, बाजूला सर."

कोरी फाईल उघडली. जुन्यातलं काही नको, सगळं हातानं लिहिलं. दोन स्पिन. एक लेझर. दोघांची गळती एकाच नळातून, म्हणजे प्रकाशाला बाहेर पडायची वाट एकच. पहिल्याचा आकडा अधिक, दुसऱ्याचा उणे. चालवलं.

रेघ उठली, डुचमळली, वर गेली, सपाट झाली.

मग मी तिला पाडायचा प्रयत्न सुरू केला. दोन्ही सुया वर ठेवून सुरुवात केली. रेघ तिथंच गेली. एक वर एक खाली, तिथंच. वाटेल तसे आकडे फेकले. भरकटली, भटकली, आणि मुकाट्यानं त्याच उंचीवर येऊन बसली. आणि सगळ्यात मजा म्हणजे नळातून बाहेर पडणारा प्रकाश. तो आधी भरपूर, मग कमी कमी, आणि जोडी पूर्ण गुंतली की शून्य. दोघींची गळती एकमेकींना पुसून टाकते. नळ उघडाच असतो, पण त्यातून काही येत नाही. दोन्ही स्पिन अगदी सारखे ठेवले तर या अवस्थेकडे जायची वाटच नसते. त्या एका उण्यानं वाट उघडते. मी हे सगळं अक्काला सांगत होतो, बहुधा खुर्चीवर उभा राहून.

"खाली उतर," ती म्हणाली. "हें टिकतें किती वेळ?"

"लेझर चालू आहे तोवर."

"म्हणजे ढकलत राहिलें तर."

"आणि गळू दिलं तर. दोन्ही पाहिजे."

तिनं आलेखाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरें दिसतें आहे." अक्काच्या तोंडून हे म्हणजे गावजेवण.

मॅडमना फोन लावला. श्वास न घेता सगळं सांगितलं. रथ, पाचर, उणे. त्यांनी ऐकून घेतलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता तुझ्या पहिल्या प्रकरणाची संदर्भयादी काढ. नववा लेख."

काढला. दोन स्पिन, एक चढा, एक उतरा, एकच नळ, गुंतलेली अवस्था. हेच. लोकांना कधीचं माहीत होतं. त्याच्यापुढं माझ्याच हातचं वाक्य: 'या संदर्भातील कार्य उल्लेखनीय आहे.'

"उल्लेखनीय आहे," मॅडम म्हणाल्या, "पण उल्लेखाआधी वाचायचं असतं."

मी खुर्चीवर बसलो. या खेपेला नीट.

"ऐकतोयस ना? दोघांचं जगाला ठाऊक आहे. तुझा रथ वळतो का ते बघ. चार स्पिन घे. पहिला-दुसरा एक जोडी, तिसरा-चौथा दुसरी. त्या स्थिरावल्या की मध्येच आकडे बदल, असे की पहिल्याचा जोडीदार चौथा व्हावा आणि दुसऱ्याचा तिसरा. काही बंद न करता, पुन्हा सुरुवात न करता. जुन्या जोड्या सुटून नव्या आपोआप जमतात का? जमल्या तर ते सहावं प्रकरण. आणि ती रथाची उपमा प्रबंधात घालू नकोस. तिथं पाचर एकाच चाकाला आहे, तुझ्याकडे दोन्ही स्पिन सरकलेत, उलट दिशांना. परीक्षक तुझी सालं काढतील."

मंगळवारभर मी मांडणी केली. चौघांसाठी नवं लिहायला वेळ नव्हता, म्हणून माझा जुना, मोठा, विश्वासू प्रोग्राम काढला. बुधवारी सकाळी चालवला. जोड्या झकास बांधल्या गेल्या. वळण आलं, आकडे बदलले, आणि दोन-तीनची नवी जोडी जमेना, एक-चारची जमेना. सगळं विस्कटून खाली. पुन्हा. पुन्हा तेच. दुपारपर्यंत माझी खात्री पटली की निसर्गच असा आहे आणि नोंदणी रद्द होणं हे माझ्या कुंडलीत आहे.

अक्का शाळेतून आली, चप्पल काढली, माझं तोंड पाहिलं आणि तो प्रश्न विचारलाच नाही. त्यावरून माझी अवस्था काय असेल ते समजा. ती उत्तरपत्रिका तपासायचं लाल पेन घेऊन शेजारी बसली.

"जोडीतल्या दोघांची बेरीज शून्य व्हावी लागते, होय ना? एक अधिक, एक तेवढाच उणे."

"हो."

"मग वळणानंतरचे चार आकडे लिही. तूं दिलेले नव्हेत. मशीननें वापरलेले."

"तेच असणार ना."

"मुलेंही हेंच म्हणतात. लिही."

मी छापायला लावले. चौथा आकडा अधिक होता. मी उणे दिला होता, हे मी पाहिलं होतं, बोटानं मोजलं होतं. आणि आत तो अधिक. अक्कानं त्याच्याभोवती लाल गोल काढला. मग मी प्रोग्राम वरून खाली वाचत गेलो आणि एका ओळीपाशी थांबलो. पहिल्या आणि शेवटच्या स्पिनचे आकडे वेगळे दिसले तर न विचारता सारखे करून टाक.

वळणाआधी ती गप्प होती, कारण तेव्हा पहिला आणि चौथा आकडा सारखेच होते, दोन्ही अधिक. तीन आठवडे माझा पहारेकरी दाराआड बसून होता, आणि ऐन कोपऱ्यावर धावत जाऊन दुसऱ्या चाकालाही पाचर ठोकत होता.

"ही कोणी घातली?" अक्कानं विचारलं.

"मी."

"कशाला?"

"चुका होऊ नयेत म्हणून."

ती हसली नाही. उठून आत गेली आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. बराच वेळ.

ओळ पुसली. चालवलं. जुन्या जोड्यांची रेघ वर, सपाट. वळण. ती रेघ ढासळू लागली, खाली, आणखी खाली, नळातून प्रकाशाचा एक मोठा लोंढा आला. म्हणजे सुया सुटल्या होत्या, चाचपडत होत्या. आणि त्या गोंधळातून, ज्या स्पिनांचा आधी एकमेकांशी काही संबंध नव्हता, त्यांची रेघ उगवली. एक-चार. दोन-तीन. चढली, डुचमळली, सपाट झाली. लोंढा आटला. नळ पुन्हा कोरडा. मी ते सलग सात वेळा चालवलं. शंका होती म्हणून नव्हे, बघवत होतं म्हणून. अक्का ओले हात घेऊन बाहेर आली आणि आठव्यांदा तिच्यासाठी चालवलं.

"वळला," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी प्रकरण पाठवलं. संध्याकाळी मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: 'पान चारवरची रथाची उपमा काढली आहे, बाकी पाठव.' शुक्रवारी प्रबंध दाखल झाल्याची पोच आली. मी ती छापून तात्तांना दाखवायला गेलो. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारलं, "तुझा रथ ओढतं कोण?"

"लेझर, तात्ता. प्रकाश."

"त्यांना ताक कोण देतं?"

मी त्यांच्यासाठी ताक आणायला घरी गेलो.

पुढच्या वर्षी रथाला मी मुद्दाम रजा काढून आलो. तोंडी परीक्षा होऊन गेली होती, नावाआधी 'डॉ.' लागलं होतं. तात्तांचा माणूस हजर होता, तरी मी चाकापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"डॉक्टर झालास म्हणे."

"हो तात्ता."

कोपरा जवळ येत होता. त्यांनी ढिगातली एक पाचर उचलली, माझ्या हातात दिली, आणि बाकीच्या सगळ्या पायानं रथाच्या पलीकडे, माझ्या हाताला लागणार नाहीत अशा अंतरावर सरकवल्या.